स्ट्रक्चरल स्टीलमधील बोल्टची भोके मोठी करणारे रीमर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींतील फॅब्रिकेटर, जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे देखभाल विभाग आणि साइटवर लोखंडी सांगाडे उभारणारे गट यांना रीमरने, म्हणजे आधीच असलेल्या भोकाची भिंत कापून ते मोठे करणाऱ्या फिरत्या हत्याराने, भोके जुळवण्याच्या कामात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विचार मुख्यतः १८ ते ३९ मिलिमीटर व्यासाच्या भोकांचा आहे. मापांसाठी आणि नियमांसाठी आयएस ८०० : २००७ हे भारतीय मानक आधाराला घेतले आहे.

भोक थोडेसेच मोठे करायचे असेल, तर साधा ड्रिल का चालत नाही?

घन लोखंडात भोक पाडताना ड्रिलचे टोक मधोमध रुतलेले असते आणि त्या आधाराने तो सरळ जातो. आधीच असलेल्या भोकात टोकाला टेकायला काहीच नसते. धातू कापण्याचे सगळे काम ड्रिलच्या दोन बाहेरच्या कोपऱ्यांवर येते, ते कोपरे एकदम मोठा घास घेतात आणि ड्रिल पत्र्यात अडकून झटका देतो. दोन पत्र्यांची भोके एकमेकांपासून सरकलेली असतील, तर ड्रिलला एका बाजूने धातू आणि दुसऱ्या बाजूने पोकळी लागते. मग तो पोकळीकडे ढकलला जातो आणि भोक वाकडे होते. कोपरा तुटतो, मनगटाला मार बसतो आणि शेवटी भोकही हवे तसे मिळत नाही.

या कामासाठी बनवलेल्या रीमरला बाजारात ब्रिज रीमर किंवा कन्स्ट्रक्शन रीमर म्हणतात. त्याचा पुढचा भाग निमुळता असल्यामुळे तो सरकलेल्या भोकांतूनही आत शिरतो, आणि धातू कापण्याचे काम एका कडेवर न येता निमुळत्या भागाच्या सगळ्या लांबीवर वाटले जाते. मागचा भाग पूर्ण मापाचा आणि सरळ असतो. तो भोकाला शेवटचा व्यास देतो.

कारखान्यात अचूक भोकासाठी वापरतो तो रीमर आणि हा रीमर एकच आहे का?

नाही. यंत्रभागांच्या फिटिंगसाठी वापरला जाणारा रीमर व्यासावर साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर इतकाच धातू काढण्यासाठी असतो. त्याने दोन-चार मिलिमीटर काढायला गेल्यास दाते खराब होतात. ब्रिज रीमरच्या पिळदार खाचा खोल असतात आणि तो व्यासावर काही मिलिमीटर धातू सहज काढतो, मात्र त्याच्याकडून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या अचूकतेची अपेक्षा करता येत नाही.

त्याच्या खाचांचा पीळ बहुतेक वेळा डावा असतो, कापणे मात्र उजव्या फिरण्याने होते. पीळही उजवा असता, तर रीमर स्क्रूसारखा स्वतःला आत ओढून घेऊन अडकला असता. डाव्या पिळामुळे तो फक्त आपण देऊ तेवढ्याच दाबाने पुढे जातो आणि लोखंडाचा कीस पुढच्या बाजूने खाली पडतो. सरळ खाचांचा रीमर सरकलेल्या भोकात थरथरतो, कारण त्याचा प्रत्येक दाता पोकळीतून एकदम धातूवर आदळतो. पिळदार दाता हळूहळू धातूवर चढतो.

कोणत्या बोल्टसाठी भोक किती मापाचे असावे?

आयएस ८०० नुसार साधारण मोकळीक, म्हणजे बोल्टपेक्षा भोक जेवढे मोठे ठेवतात ते माप, १२ ते १४ मिलिमीटर बोल्टसाठी १ मिलिमीटर, १६ ते २४ मिलिमीटर बोल्टसाठी २ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या बोल्टसाठी ३ मिलिमीटर असते. त्यामुळे एम १६ ला (म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टला) १८, एम २० ला २२, एम २४ ला २६, एम २७ ला ३०, एम ३० ला ३३ आणि एम ३६ ला ३९ मिलिमीटरचे भोक येते. रीमरचा संच विकत घेताना हीच मापे समोर ठेवावीत. आपल्याकडच्या बहुतेक शेड-सांगाड्यांना २२ आणि २६ ही दोन मापे पुरतात.

यापेक्षा मोठ्या भोकांना मानक वेगळ्या वर्गात टाकते. या वर्गात एम २० साठी २४, एम २४ साठी ३० आणि एम ३० साठी ३८ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, पण ती सर्रास नाही. असे भोक फक्त घर्षणावर भार पेलणाऱ्या उच्च ताकदीच्या बोल्टच्या जोडात किंवा पायाच्या बोल्टच्या जोडात, आणि तेही आराखड्यात तसे नमूद असेल तरच चालते. बाहेरच्या पत्र्यातील असे मोठे भोक साध्या मोकळिकीचे भोक असलेल्या पुरेशा जाड पट्टीने झाकणे बंधनकारक आहे. नुसता वायसर टाकून भागत नाही.

भोक मोठे केल्याने जोड कमकुवत होतो का?

होऊ शकतो, आणि म्हणूनच रीमर हातात घेण्याआधी हिशेब झाला पाहिजे. आमच्या मते या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण साइटवर सहसा सगळ्यात शेवटी विचार होतो तो याचाच.

पहिला परिणाम पत्र्याच्या उरलेल्या रुंदीवर होतो. १५० मिलिमीटर रुंद पट्टीत एका ओळीत २२ मिलिमीटरची दोन भोके असतील, तर ओढ पेलायला १०६ मिलिमीटर रुंदी उरते. तीच भोके २६ मिलिमीटरची केली, तर ९८ मिलिमीटर उरते, म्हणजे त्या छेदाची ताकद साडेसात टक्क्यांनी कमी होते. कैचीच्या खालच्या सळीसारख्या केवळ ओढीत असलेल्या भागात ही घट मनावर घ्यावी लागते. दाबात असलेल्या भागात भोकात बोल्ट भरलेला असल्याने तिचे महत्त्व कमी असते.

दुसरा परिणाम भोकापासून पत्र्याच्या कडेपर्यंतच्या अंतरावर होतो. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर, कड रोल केलेली, करवतीने किंवा यंत्रावरच्या गॅस कटरने कापलेली असेल तर भोकाच्या व्यासाच्या दीडपट, आणि कात्रीने किंवा हातातल्या गॅस कटरने कापलेली असेल तर १.७ पट लागते. २२ मिलिमीटरच्या भोकाला हे अंतर अनुक्रमे ३३ आणि ३७.४ मिलिमीटर आहे. भोक २६ चे झाल्यावर ते ३९ आणि ४४.२ होते. मूळ आराखड्यात कडेचे अंतर ४० ठेवलेले असेल आणि कड हाताने गॅसने कापलेली असेल, तर भोक मोठे केल्याक्षणी जोड नियमाबाहेर जातो. भाराखाली असा पत्रा बोल्टच्या पुढून कडेपर्यंत फाटण्याची भीती असते.

तिसरी गोष्ट बोल्टमधल्या अंतराची. हे अंतर बोल्टच्या व्यासाच्या किमान अडीच पट हवे. एम २० साठी ५० मिलिमीटरवर पाडलेल्या भोकांत एम २४ बसवायचे म्हटले, तर ६० मिलिमीटर लागतात आणि ते तेथे नसतात. मोठा बोल्ट म्हणजे जास्त ताकद, हा समज येथे उलटा पडतो.

चौथा परिणाम बोल्ट मोठा न करता फक्त भोक मोठे केल्यास दिसतो. मोठ्या भोकात बोल्टच्या दाबावर चालणाऱ्या, म्हणजे बोल्ट भोकाच्या भिंतीला टेकून भार पेलतो अशा, जोडाची ताकद मानक ०.७ ने गुणून कमी धरते, आणि घर्षणावर चालणाऱ्या जोडाची ०.८५ ने. त्यामुळे ज्या जोडात सर्व बोल्ट पूर्ण ताकदीने कामाला लावलेले आहेत, तेथे अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही भोक मोठे करू नये. जेथे बोल्ट केवळ जागा धरून ठेवण्यासाठी आहेत, तेथे परवानगी सहसा लगेच मिळते. मात्र या दोहोंतला फरक फिटरने डोळ्यांनी पाहून ठरवायचा नसतो.

भोके मुळात जुळत का नाहीत? रीमर लावण्याआधी काय पाहावे?

रीमर हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी कारण शोधले, तर बऱ्याच वेळा रीमरची गरजच उरत नाही.

सोलापुरात उन्हाचा परिणाम पहिल्यांदा तपासावा. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढते. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि उघड्यावर पडलेला, लाल रंगाचा गर्डर त्याहून बराच जास्त तापतो. सकाळ आणि दुपार यांत लोखंडाच्या तापमानात ३० अंशांचा फरक पडला, तर २० मीटरच्या गर्डरची लांबी ७ मिलिमीटरहून अधिक बदलते. सकाळी सहज बसलेला बोल्ट दुपारी तीन वाजता बसत नाही, तेव्हा भोके चुकलेली नसतात. गर्डर वाढलेला असतो. दुपारी रीमर चालवून जुळवलेली भोके रात्री गर्डर आखडला की विरुद्ध दिशेने ओढली जातात आणि त्या ओढीचा भार बोल्टवर बसतो. म्हणून लांब भागांची अंतिम जुळणी उन्हाळ्यात पहाटे किंवा सूर्योदयानंतर लवकर करावी. मोजपट्टीही लोखंडी असते, हे विसरू नये. उन्हात पडलेली मोजपट्टी सावलीतल्या लोखंडावर लावू नये.

दुसरे कारण म्हणजे सांगाडा अजून ओळंब्यात आलेला नसणे. एका खांबाच्या पायाचे बोल्ट आवळले गेले आणि दुसऱ्याचे सैल राहिले, की वरच्या तुळईची भोके सरकल्यासारखी दिसतात. सगळे बोल्ट सैल करून खांब ओळंब्यात आणावेत, तिरकस ब्रेसिंग बसवावे आणि मग पुन्हा पाहावे.

तिसरे कारण आखणीत असते. प्रत्येक भोक मागच्या भोकापासून मोजले, तर प्रत्येक मोजणीतली अर्धा-पाऊण मिलिमीटरची चूक साठत जाते आणि दहाव्या भोकाला ती डोळ्यांना दिसते. सर्व भोके एकाच टोकापासून मोजावीत. वेल्डिंगमुळे टोकाची प्लेट ओढली जाणे, वाहतुकीत अँगल वाकणे, टेम्पलेटची भोके वापरून वापरून मोठी होणे, हीही नेहमीची कारणे आहेत. वाकलेला अँगल सरळ करायचा असतो, भोके मोठी करून लपवायचा नसतो.

ड्रिफ्ट पिन ठोकून भोके जुळवली तर चालते का?

ड्रिफ्ट पिन ही निमुळती लोखंडी खुंटी पत्रे एका रेषेत आणण्यासाठी आहे आणि त्यासाठी ती जरूर वापरावी. ती ठोकून भोक ताणणे मात्र चुकीचे आहे. त्यात भोकाची कड चेपते, पत्रा उचलला जातो आणि बोल्ट आवळल्यावर पत्रे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. पिनला घणाचे जोरदार घाव घालावे लागत असतील, तर तेथे रीमरची वेळ आली आहे.

किती सरकलेले भोक रीमरने जुळवता येते?

समजा एम २० च्या जोडात २२ मिलिमीटरची दोन भोके ४ मिलिमीटरने सरकली आहेत. दोन्हींतून आरपार दिसणारी वाट फक्त १८ मिलिमीटरची उरते. त्यातून २२ मिलिमीटरचा रीमर मधोमध चालवला, तर तो प्रत्येक पत्र्यातून एका बाजूने २ मिलिमीटर धातू काढतो. प्रत्येक पत्र्यातले भोक आता गोल राहत नाही, २२ रुंद आणि २४ लांब असे होते. दोन्ही पत्र्यांत ही लांबी परस्परविरुद्ध बाजूंना जाते. पूर्ण गोल भोक हवे असेल, तर २६ मिलिमीटरपर्यंत जावे लागते आणि मग प्रश्न एम २४ बोल्टचा होतो.

म्हणून आमचा सल्ला असा आहे की, सरकलेले अंतर बोल्टच्या मोकळिकीपेक्षा, म्हणजे या उदाहरणात २ मिलिमीटरपेक्षा, जास्त असेल, तर तो विषय फिटरकडून अभियंत्याकडे जावा. जोडातील एखादेच भोक असे असेल, तर उत्तर सोपे असते. सगळी भोके एकाच दिशेने सरकलेली असतील, तर जोडपट्टी नव्याने बनवणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते, कारण जमिनीवर पट्टीत आठ भोके पाडायला लागणारा वेळ उंचीवर एक भोक मोठे करण्यापेक्षा कमी असतो.

गॅस कटरने भोक मोठे केले तर काय बिघडते?

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत, पण सतत येतो, कारण गॅस कटर साइटवर नेहमी हाताशी असतो आणि काम मिनिटाभरात होते. तरीही उत्तर ठाम आहे. आयएस ८०० यंत्रावरच्या गॅस कटरने केलेली भोके स्वीकारते, पण हातातल्या कटरने बोल्टचे भोक करण्यास मनाई करते. त्याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे खांबाच्या पायाच्या प्लेटमधील भोके साइटवर दुरुस्त करणे.

हाताने कापलेल्या भोकाच्या कडेवर खाचा राहतात आणि ज्योतीच्या उष्णतेनंतर लगेच थंड झालेला पातळ थर कडक व ठिसूळ होतो. साखर कारखान्यातील उसाच्या कॅरियरचा सांगाडा, क्रेन चालणारा गर्डर किंवा पूल अशा ठिकाणी भार वारंवार चढतो आणि उतरतो, आणि तडा अशाच खाचेपासून सुरू होतो. शिवाय असे भोक गोल नसते, त्यामुळे बोल्ट एखाद्याच बिंदूवर टेकतो आणि बाकीचे बोल्ट आपला वाटा उचलेपर्यंत त्याच्यावर जादा भार राहतो.

पंच केलेल्या भोकांना रीमर लावणे गरजेचे असते का?

पंचाने भोक पाडताना धातू कापला जात नाही, तो फाडला जातो. भोकाभोवतीचा थर ताणला जाऊन कडक होतो आणि त्यात बारीक तडे असू शकतात. म्हणून जाड पत्र्यांत आणि वारंवार बदलणाऱ्या भाराखाली येणाऱ्या जोडांत भोक किमान २ मिलिमीटर लहान पंच करून नंतर रीमरने पूर्ण मापाला आणायचे असते. खराब झालेला थर त्यात निघून जातो. शेडच्या छपराचे पातळ पर्लिन आणि ब्रॅकेट यांना हे लागू नाही.

रीमर कोणत्या यंत्रावर चालवावा?

मॅग्नेटिक ड्रिल मशीन सर्वांत चांगले, कारण ते सरळ उभे राहते आणि झटका यंत्र सोसते, माणूस नाही. बहुतेक ब्रिज रीमरना मोर्स टेपर शँक, म्हणजे मशीनमध्ये बसणारा ठरावीक मापाचा निमुळता दांडा, असते, त्यामुळे मशीनच्या स्पिंडलचा टेपर आधी पाहावा. शँक लहान असेल तर स्लीव्ह घालता येते, पण मोठी असेल तर काही करता येत नाही. १० मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर चुंबकाची पकड कमी होते. तशीच ती जाड रंगावर आणि गंजलेल्या पृष्ठभागावरही कमी होते. अशा वेळी मागे जाड प्लेट क्लॅम्प करावी.

मॅग्नेटिक मशीन बसण्याइतकी जागा नसेल, तर दोन बाजूंना लांब हँडल असलेले कमी वेगाचे हाताचे ड्रिल किंवा हवेवर चालणारे मशीन वापरतात. २६ मिलिमीटरचा रीमर अडकला, तर माणसाला हे मशीन हातांनी थोपवता येत नाही, म्हणून हँडल सांगाड्याला टेकवून ठेवावे, म्हणजे झटका लोखंड घेईल. षटकोनी किंवा चौकोनी शँकचे काही रीमर इम्पॅक्ट रेंचवर चालवण्यासाठीच बनवलेले असतात. त्यात मनगटाला झटका बसत नाही आणि उंचीवर ते सोयीचे पडतात. पण साधा ब्रिज रीमर अडाप्टर लावून इम्पॅक्ट रेंचवर चालवू नये, त्याचे दाते आघाताने तुटतात.

मॅग्नेटिक मशीनवरच्या पोकळ कोअर कटरनेच भोक मोठे का करू नये?

कोअर कटर मधल्या पायलट पिनच्या आधाराने जागेवर येतो, आणि जुन्या भोकात त्या पिनला टेकायला धातू नसतो. मशीन पक्के बसलेले असेल, तर काही वेळा काम होते, पण सरकलेल्या पत्र्यांत कटरच्या दात्यांवर एका बाजूने ताण येऊन ते तुटतात. नवीन भोकासाठी कोअर कटर उत्तम आहे, जुन्या भोकासाठी रीमर.

वेग किती ठेवावा आणि कोणते तेल वापरावे?

हायस्पीड स्टीलच्या रीमरसाठी साध्या स्ट्रक्चरल स्टीलमध्ये मिनिटाला सुमारे १० मीटर कापण्याचा वेग ठेवावा. हा ड्रिलच्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी आहे. १० हजाराला व्यासाच्या ३.१४ पटीने भागले की फेरे मिळतात : १८ मिलिमीटरला मिनिटाला सुमारे १७५, २२ ला १४५, २६ ला १२०, ३३ ला ९५ आणि ३९ ला ८०. ई ३५० सारख्या अधिक ताकदीच्या स्टीलमध्ये वेग आणखी थोडा कमी करावा. ज्या मशीनला गिअर नाही आणि जे मिनिटाला चारशेच्या खाली येत नाही, ते या कामाचे नाही.

दाब सारखा असावा. भीतीपोटी दाब कमी केला, तर दाते कापत नाहीत, नुसते घासतात, तापतात आणि त्यांची धार जाते. कटिंग ऑइल किंवा पाण्यात मिसळलेले सोल्युबल ऑइल सतत लागले पाहिजे. उभ्या पत्र्यावर तेल टिकत नाही, तेथे कटिंग पेस्ट लावावी. रीमर बाहेर काढतानाही तो त्याच दिशेने फिरत राहिला पाहिजे. उलटा फिरवल्यास कीस दात्याच्या मागे अडकून धार तुटते.

रीमर विकत घेताना काय पाहावे?

शँकचा प्रकार आणि पूर्ण व्यास तर पाहावाच, पण निमुळत्या भागाची लांबी पाहायला लोक विसरतात. अनेक ब्रिज रीमर दर १० मिलिमीटर लांबीला १ मिलिमीटर व्यासाने निमुळते असतात. त्यामुळे २२ चे भोक २६ चे करताना एकट्या निमुळत्या भागाची ४० मिलिमीटर लांबी जोडातून पार व्हावी लागते, आणि पत्र्यांची एकूण जाडी ३० असेल, तर रीमर किमान ७० मिलिमीटर पुढे जातो. शिवाय त्याच्या पुढे टोकाचा बारीक भाग असतोच. जोडाच्या मागे तेवढी जागा आहे का, की तेथे दुसऱ्या गर्डरची वेब (मधला उभा पत्रा) आडवी येते, हे आधी मोजावे. टोक आरपार दिसणाऱ्या वाटेत शिरेल इतके बारीक आहे, याचीही खात्री करावी. धातू एम २ दर्जाचा हायस्पीड स्टील असला तर पुरेसे आहे. रोजच्या वापरासाठी किंवा अधिक ताकदीच्या स्टीलसाठी ५ टक्के कोबाल्ट असलेला एम ३५ घ्यावा.

जुन्या शेडमधील रिव्हेट काढून बोल्ट बसवायचे आहेत. भोक किती मापाचे करावे?

सोलापुरात हे काम अजून निघते. गिरण्यांच्या काळातल्या शेड, जुने साखर कारखाने आणि रेल्वेच्या आवारांतील इमारती रिव्हेटने जोडलेल्या असतात, आणि त्यांची मापे इंचांत असतात. पाऊण इंची रिव्हेटचे भोक साधारण १३/१६ इंच, म्हणजे २०.६ मिलिमीटर असते. ते रीमरने २२ चे करून त्यात एम २० चा बोल्ट बसवावा. ७/८ इंची रिव्हेटचे भोक १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलिमीटर असते. ते २४ पर्यंत साफ केले की एम २२ बसतो. दोन्ही बाबतींत काढायचा धातू थोडा असतो, म्हणजे मूळ जोडाच्या कडेच्या अंतराला फारसा धक्का लागत नाही. हे फार समाधानाचे काम आहे, कारण शंभर वर्षांपूर्वीचा जोड त्यामुळे आणखी काही दशके टिकू शकतो.

रिव्हेटचे डोके छिन्नीने किंवा ग्राइंडरने उडवावे आणि खोड ड्रिलने पोकळ करून मग ठोकून काढावे. गॅसने डोके जाळताना मूळ पत्रा जळतो आणि पुढची सगळी काळजी वाया जाते. एका वेळी एकच रिव्हेट काढावा, भोकाला रीमर लावावा, बोल्ट आवळावा आणि मगच पुढच्या रिव्हेटला हात लावावा. भाराखाली असलेल्या कैचीतले सगळे रिव्हेट एकदम काढणे धोक्याचे आहे. जुने लोखंड स्टील आहे की घडीव लोखंड आहे, हे नमुना तपासून घेतल्याशिवाय त्याला वेल्डिंग करू नये. रेल्वेच्या हद्दीतील पूल आणि गर्डर यांना मात्र रेल्वेचे स्वतंत्र नियम आणि तिच्या अभियंत्याची परवानगी लागते.

अगदी घट्ट बसणाऱ्या, खरादलेल्या बोल्टसाठी हाच रीमर चालेल का?

नाही. त्या बोल्टच्या भोकाला एच ८ इतकी अचूकता लागते. १८ ते ३० मिलिमीटर व्यासात ती अवघी ०.०३३ मिलिमीटर आहे. पत्रे एकत्र घट्ट आवळून एकदम ड्रिल करावेत आणि शेवटचा घास अचूक यांत्रिक रीमरने घ्यावा.

भोक मोठे झाले की लगेच बोल्ट आवळायचा का?

आधी भोकाच्या दोन्ही बाजूंची बर, म्हणजे कापताना कडेवर उरलेले धारदार कंगोरे, काढावी. शक्य असेल तेथे पत्रे किंचित उघडून त्यांच्या मधली बरही काढावी, कारण ती पत्र्यांना टेकू देत नाही. घर्षणावर चालणाऱ्या जोडात तेल पूर्ण पुसून काढणे अत्यावश्यक आहे. आयएस ८०० स्वच्छ मिल स्केलच्या (रोलिंगच्या वेळी पत्र्यावर बसलेल्या काळ्या थराच्या) पृष्ठभागासाठी घर्षणांक ०.३३ आणि सँडब्लास्ट केलेल्या पृष्ठभागासाठी ०.४८ धरते. पत्र्यांमध्ये कटिंग ऑइल झिरपले असेल, तर या आकड्यांना अर्थ राहत नाही. म्हणून अशा जोडात तेल बेताने, ब्रशने लावावे आणि नंतर सॉल्व्हंटने पुसावे.

जस्ताचा थर दिलेल्या सांगाड्यात रीमरने भोकातला थर निघून जातो. तेथे बोल्ट घालण्याआधी जस्तयुक्त रंग लावावा.

उंचीवर काम करताना कोणती विशेष काळजी घ्यावी?

मॅग्नेटिक मशीनला सुरक्षा साखळी बांधलीच पाहिजे. वीज गेली की चुंबक सुटतो, आणि साइटवर वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. फिरणाऱ्या रीमरजवळ कापडी हातमोजे घालू नयेत. उन्हाळ्यात आपल्याकडचे कामगार गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतात. रीमर चालवताना तो काढून ठेवावा किंवा शर्टाच्या आत घट्ट खोचावा, कारण त्याचे टोक रीमरमध्ये गुंतायला क्षणही लागत नाही. खालची जागा मोकळी ठेवावी, तापलेला कीस आणि तेल दोन्ही खाली पडतात.

रीमरला पुन्हा धार लावता येते का?

होय, पण ती टूल ग्राइंडरवर, पुढच्या निमुळत्या भागालाच लावावी. मागच्या सरळ भागाचा व्यास घासला, तर रीमर मापाचा राहत नाही. हाताच्या ग्राइंडरने धार लावलेल्या रीमरचे दाते सारखे राहत नाहीत, मग एक-दोन दातेच कापतात आणि भोक मापापेक्षा मोठे होते. आवाज वाढला, भोकाची भिंत खरबडीत येऊ लागली किंवा कीस निळा पडू लागला, की धार गेली असे समजावे.

भोक चुकून फार मोठे झाले, तर वेल्डिंगने भरून पुन्हा पाडावे का?

भार पेलणाऱ्या भागात तसे करू नये. भोक भरताना वेल्ड सगळ्या बाजूंनी बंद जागेत आखडते, तळाशी धातू नीट मिसळत नाही आणि स्लॅग अडकते. वरून ग्राइंडरने सपाट केल्यावर यातले काहीच दिसत नाही. त्याच जागी पुन्हा भोक पाडले, की बोल्टची ओढ नेमक्या त्या सदोष धातूवर येते.

त्याऐवजी अभियंत्याला पुढील पर्याय विचारावेत. कडेचे अंतर पुरत असेल, तर एक माप मोठा बोल्ट बसवता येतो. जोडात जागा असेल, तर ते भोक सोडून बाजूला नवे भोक पाडता येते, पण सोडलेले भोक छेदाच्या हिशेबात धरावेच लागते. जोडपट्टी बदलता येत असेल, तर ती बदलावी. मूळ गर्डरचेच भोक बिघडले असेल, तर त्या भागावर बाहेरून पट्टी लावून भार पुढच्या बोल्टांकडे नेता येतो. कोणताही पर्याय निवडला, तरी त्या जोडाचा क्रमांक, जुने व नवे माप आणि परवानगी देणाऱ्याची सही साइटच्या नोंदवहीत लिहावी, म्हणजे पुढच्या ऑफ सीझनमध्ये देखभालीला येणाऱ्या माणसाला तेथे बाकीच्यांपेक्षा वेगळा बोल्ट का आहे, हे कळेल.